मागचा अ‍ॅक्सल मूळचाच आहे हे कारखान्याच्या कागदांवरून कसे ठरवावे? (१९६९ची मस्टँग आणि इतर मसल कार)

रूटवन:

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि सध्या १९६९ची एक फोर्ड मस्टँग मॅक १ घ्यावी की नाही या विचारात आहे. गाडीला ४२८ कोब्रा जेट इंजिन आणि चार गिअरची हाताने बदलायची पेटी आहे. चॅसी नंबर ९टी०२आर असा सुरू होतो. त्यातला टी म्हणजे मेटचन कारखाना, आणि तो कारखाना इथेच एडिसनमध्ये रूट वनवर होता. २००४ साली तो बंद झाला. आपल्याच गावात बनलेली गाडी म्हणून माझा जीव तिच्यात थोडा जास्त अडकला आहे, हे मान्य करते.

विक्रेत्याचे म्हणणे असे की ही गाडी साधी कोब्रा जेट नसून सुपर कोब्रा जेट आहे, कारण ती कारखान्यातूनच ३.९१ रेशोचा (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे ३.९१ फेरे) मागचा अ‍ॅक्सल घेऊन बाहेर पडली. पुराव्यादाखल त्याने दोन गोष्टी दाखवल्या आहेत. एक म्हणजे चालकाच्या दारावरील धातूची पट्टी, जिच्यावर अ‍ॅक्सलच्या रकान्यात व्ही हे अक्षर आहे. दुसरी म्हणजे काचेवर लावायच्या किंमतपत्रकाची झेरॉक्स. बिल्ड शीट (कोणते भाग बसवायचे हे कारखान्यातल्या कामगारांना सांगणारा कागद) मिळालेली नाही, आणि मधल्या मालकाने अ‍ॅक्सल उतरवून पुन्हा बांधला होता, असेही तो सांगतो.

किमतीतला फरक मोठा असल्यामुळे मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. यांपैकी कोणत्या कागदावर किती विसंबावे, आणि गाडीखाली शिरल्यावर नेमके काय पाहावे? माझा दीर टोरांटोजवळ राहतो आणि तो शेव्हरलेच्या शेव्हेल गाडीच्या शोधात आहे, त्यामुळे फोर्डखेरीज इतर गाड्यांबद्दल लिहिलेत तरी उपयोगच होईल.

डिअरबॉर्नकर:

रूटवन ताई, फोर्डच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे, कारण १९६७पासूनच्या गाड्यांची उत्पादन-नोंद शिल्लक आहे आणि ती विकत मिळते. फोर्डकडून परवाना घेऊन केव्हिन मार्टी यांची संस्था चॅसी नंबरावरून अहवाल देते, आणि सगळे जण त्याला मार्टी रिपोर्ट म्हणतात. त्यात गाडी कोणत्या अ‍ॅक्सलसह मागवली गेली हे लिहिलेले असते. हा अहवाल विक्रेत्याच्या कपाटातून येत नाही आणि गाडीला स्क्रूने लावलेला नसतो. म्हणून या विषयात मी त्याला पहिले स्थान देतो आणि बाकी सर्व कागद त्याच्याशी ताडून पाहतो.

आता तुमच्या गाडीत अ‍ॅक्सलचा प्रश्न एवढा कळीचा का आहे, ते सांगतो. १९६९च्या मस्टँगमध्ये चॅसी नंबरातले पाचवे अक्षर इंजिन सांगते. ४२८ कोब्रा जेटसाठी क्यू आणि आर ही दोन अक्षरे होती, त्यातले आर हे रॅम एअरचे, म्हणजे बॉनेटवरून थंड हवा थेट इंजिनात घेण्याच्या सोयीचे. परंतु साधी कोब्रा जेट आणि सुपर कोब्रा जेट यांच्यात चॅसी नंबर काहीच फरक करत नाही. ज्या ग्राहकाने ३.९१ किंवा ४.३० रेशोचा अ‍ॅक्सल मागवला, त्याची गाडी ड्रॅग स्ट्रिपवर धावणार असे गृहीत धरून फोर्डने त्याला आतून वेगळे इंजिन दिले. त्यात टोपीला स्क्रू असलेले भक्कम कनेक्टिंग रॉड होते, त्यांच्या वजनामुळे इंजिनाचा तोल वेगळ्या पद्धतीने साधावा लागला, आणि रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर बसवला गेला. म्हणजे या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलचा कोड पुढच्या इंजिनाची जात ठरवतो. व्ही म्हणजे ३.९१ आणि डब्ल्यू म्हणजे ४.३०. या दोन अक्षरांपैकी एखादे नोंदीत असेल तर सुपर कोब्रा जेट, नसेल तर नाही. एवढे मोल एका अक्षराला असल्यामुळेच ते अक्षर बदलण्याचा मोह लोकांना होतो.

दारावरच्या पट्टीवर शरीराचा प्रकार, रंग, आतली सजावट, अ‍ॅक्सल, गिअरपेटी, विक्री विभाग आणि तारीख वगैरे असते. पट्टी अस्सल असेल तर तिचे म्हणणे विश्वासार्ह असते. अडचण अशी की दार बदलले, गंजले किंवा रंगवले की पट्टी निघते आणि नवी बनवून मिळते. नवी पट्टी लावणे हा काही गुन्हा नव्हे, आणि उत्तम पुनर्बांधणी केलेल्या कितीतरी गाड्यांवर ती असते. पण तिचा उपयोग शोभेपुरता आहे. पुराव्यात तिची गणना करू नये.

किंमतपत्रकाबद्दल बोलायचे तर काचेवर ते लावणे १९५८च्या कायद्याने अमेरिकेत सक्तीचे झाले, त्यामुळे तुमच्या गाडीवर ते होतेच. मात्र झेरॉक्सवरून कागदाचे वय कळत नाही, छपाईचा दाब कळत नाही, आणि आज हवा तो मजकूर घालून असे पत्रक छापून देणारेही आहेत. मूळ प्रत पाहायला मिळाली नाही, तर झेरॉक्स बाजूला ठेवा आणि अहवाल मागवा.

गाडीखाली गेलात की डिफरन्शियलच्या हाउसिंगवर एका बोल्टखाली पत्र्याची छोटी टिकली अडकवलेली आहे का, ते पाहा. तिच्यावर रेशो ठोकलेला असतो. साध्या अ‍ॅक्सलवर तीन, मोकळी जागा आणि पन्नास, असे लिहिलेले सापडेल, तर ट्रॅक्शन-लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र ओढणारा फोर्डचा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) असल्यास मधल्या जागी एल हे अक्षर येते, म्हणजे ३एल५०. तुमच्या विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे तिथे ३एल९१ असायला हवे. अ‍ॅक्सल उतरवताना ही टिकली हमखास हरवते, त्यामुळे ती नसणे संशयास्पद मानू नका. पण ती अगदी कोरी करकरीत असेल तर तिच्यावरही विसंबू नका.

गिअरकट:

मी पुण्यात गिअर कापण्याच्या कामात बरीच वर्षे आहे. अमेरिकन गाड्यांची कागदपत्रे मी हाताळलेली नाहीत, पण क्राउन आणि पिनियन (अ‍ॅक्सलमधले मोठे आणि लहान दातेरी चाक) काय सांगतात, तेवढे लिहितो.

रेशो म्हणजे क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून आलेला आकडा. फोर्डच्या नऊ इंची अ‍ॅक्सलमध्ये ३.५०साठी ३५ आणि १० दाते असतात, ३.९१साठी ४३ आणि ११, आणि ४.३०साठी ४३ आणि १०. यातली एक बाब पाहण्यासारखी आहे. ३५ आणि १० या दोहोंना ५ने भाग जातो, म्हणून पिनियनचा एक ठरावीक दात क्राउनच्या मोजक्याच दात्यांना पुन्हा पुन्हा भेटतो. अशी जोडी कारखान्यात ज्या स्थितीत एकमेकांवर घासून बसवली, त्याच स्थितीत ती पुन्हा बसवावी लागते आणि त्यासाठी दात्यांवर खुणा केलेल्या असतात. ४३ ही मूळ संख्या असल्यामुळे ४३ आणि ११च्या जोडीत प्रत्येक दात दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दाताला भेटून जातो, आणि तिला अशा खुणांची गरज पडत नाही. अ‍ॅक्सल उघडलाच असेल, तर या खुणा असणे किंवा नसणे हाही एक साक्षीदार आहे.

उघडायचा नसेल तर गाडी लिफ्टवर चढवा, गिअर न्यूट्रलला ठेवा, प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. लिमिटेड स्लिप असेल तर एक चाक फिरवल्यावर दुसरे त्याच दिशेने फिरते, आणि चाकांच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तोच रेशो. ३.९१ म्हणजे चारला किंचित कमी, आणि ३.५० म्हणजे साडेतीन. हा फरक डोळ्यांनी स्पष्ट दिसतो. साधा डिफरन्शियल असेल तर दुसरे चाक उलटे फिरते. तेव्हा एक चाक घट्ट धरून दुसऱ्याचे दोन पूर्ण फेरे करायचे आणि मग शाफ्टचे फेरे मोजायचे.

मात्र एक सावधगिरी बाळगा. क्लच-चकत्या असलेला लिमिटेड स्लिप झिजला की तो साध्यासारखाच वागतो. त्यामुळे चाके उलट फिरली म्हणून आत लिमिटेड स्लिप नाहीच, असा निष्कर्ष काढू नये. मूळ क्राउनच्या कडेला दात्यांची संख्या आणि पिनियनशी जुळणारा जोड-क्रमांक ठोकलेला बऱ्याचदा सापडतो. दोन्हींवरचा क्रमांक एकच असेल तर जोडी एकत्र जन्मली असे समजा. ती याच गाडीत बसून बाहेर पडली की नाही, ते धातू सांगू शकत नाही.

रूटवन:

गिअरकट, शेवटचे वाक्य अगदी नेमके आहे, कारण माझा गोंधळ तिथेच होता. डिअरबॉर्नकर काका, अहवाल मागवला आहे. तो येईपर्यंत शेव्हरले आणि क्रायस्लरबद्दल कोणी लिहिले तर वाचायला आवडेल. तिथेही अशी मध्यवर्ती नोंद मिळते का?

नॉरवुड६९:

दुर्दैवाने शेव्हरलेच्या बाबतीत नाही. अमेरिकेत बनून अमेरिकेतच विकल्या गेलेल्या साठच्या दशकातील शेव्हरले गाड्यांची, कोणत्या गाडीवर कोणता पर्याय होता अशी नोंद जनरल मोटर्सकडून मिळत नाही. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीकडून काही वर्षांच्या गाड्यांसाठी गाडी कधी आणि कोणत्या डीलरकडे रवाना झाली, एवढे मिळू शकते. पर्यायांची यादी त्यात नसते. म्हणून कॅमेरो किंवा शेव्हेल घेणाऱ्याला गाडीबरोबर टिकून राहिलेल्या कागदांवरच अवलंबून राहावे लागते, आणि फसवणुकीला जागाही त्यामुळेच जास्त आहे. त्यातच १९७२पूर्वीच्या शेव्हरलेचा चॅसी नंबर इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, यापलीकडे फारसे बोलत नाही, आणि बॉनेटखालच्या भिंतीवरची ट्रिम पट्टी मागच्या अ‍ॅक्सलचा उल्लेखच करत नाही. ‘पट्टी मूळची आहे, म्हणजे पॉझिट्रॅक्शन (शेव्हरलेचे लिमिटेड स्लिप) मूळचे आहे’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याला पट्टीवरचा तो रकाना बोटाने दाखवायला सांगा.

या गाड्यांत दोन कागद खरे मोलाचे. पहिला बिल्ड शीट. असेंब्ली लाइनवरच्या कामगारांना कोणता भाग बसवायचा हे कळावे म्हणून तो छापला जाई, आणि काम झाल्यावर पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये तो तसाच राहून जाई. कॉर्व्हेटमध्ये १९६७पासून तो टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेला सापडतो. त्यावर अ‍ॅक्सलचा स्वतंत्र चौकोन असतो. पण सापडलेला कागद त्याच गाडीचा आहे, हे चॅसी नंबरावरून आधी ताडून घ्या. कामगाराने शेजारच्या गाडीचा कागद सीटमध्ये खुपसल्याची उदाहरणे या छंदात सर्वांना ठाऊक आहेत. आपल्या गाडीत दुसऱ्याच गाडीचा अस्सल कागद निघणे यात कोणाचाही लबाडीचा हेतू नसतो, तरीही त्या कागदाला तुमच्या गाडीसाठी काही किंमत उरत नाही.

दुसरा म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. १९६५ ते १९७२ या काळात वॉरंटीच्या पुस्तिकेत धातूची एक छोटी पट्टी लावलेली असे. दुरुस्तीच्या वेळी डीलर ती यंत्रात घालून वॉरंटीच्या कागदावर तिचा ठसा उमटवत असे, म्हणून तिच्यावरील अक्षरे उलटी आणि उठावदार असतात. तिच्यावर चॅसी नंबर, इंजिनाचा कोड, गिअरपेटीचा कोड आणि मागच्या अ‍ॅक्सलचा कोड असतो. ही पट्टी पूर्वीच्या मालकांच्या नावांसह पुस्तिकेत असेल आणि पुस्तिकेचे वय तिच्याशी जुळत असेल, तर तिच्याइतका चांगला पुरावा शेव्हरलेला दुसरा नाही. सुटी पट्टी मात्र आज नवी ठोकून मिळते. मी सुट्या पट्टीवर पैसे मोजणार नाही.

१९६९च्या कॅमेरोचे उदाहरण घ्या. सेंट्रल ऑफिसकडून ९५६१ या क्रमांकाने मागवलेल्या ४२७ इंजिनाच्या गाड्यांना ४.१० रेशोचा पॉझिट्रॅक्शन अ‍ॅक्सल बसत असे आणि त्याचा कोड बीई होता. उजव्या बाजूच्या अ‍ॅक्सलच्या नळीवर, पुढच्या अंगाला, हा कोड आणि तारीख ठोकलेली सापडते. पुढे कारखान्याचे अक्षर असते, आणि पॉझिट्रॅक्शन असेल तर त्याच्या पुरवठादाराचेही, उदाहरणार्थ ईटनसाठी ई. तिथे अनेक थरांचा रंग आणि वंगणाचा काळा चिकटा असतो. तारेच्या ब्रशने घासू नका. रंग काढायचे द्रावण लावून, मऊ कापडाने पुसत, तिरक्या उजेडात वाचा. घासलेल्या नळीवर अर्धी राहिलेली अक्षरे वाचणे फार कठीण जाते, आणि पुढचा खरेदीदार ‘इथे काही तरी पुसले गेले’ असे म्हणायला मोकळा होतो.

तारखेचा नियम सोपा आहे. अ‍ॅक्सल गाडीच्या आधी बनलेला असला पाहिजे, आणि साधारणपणे काही दिवस ते काही आठवडे आधी. गाडी एप्रिलमध्ये बनली आणि अ‍ॅक्सलवर जूनची तारीख असेल, तर कोड कितीही बरोबर असला तरी तो अ‍ॅक्सल नंतर बसवलेला आहे. असा बदल वॉरंटीच्या काळात डीलरनेही केलेला असू शकतो. तसा दावा असेल तर डीलरचे बिल मागावे.

हेमीप्रेमी:

क्रायस्लर, म्हणजे प्लिमथ आणि डॉज. यांची स्थिती फोर्ड आणि शेव्हरलेच्या मधली म्हणता येईल, आणि वर्षानुसार बदलते. १९६७पर्यंतच्या गाड्यांची बिल्ड कार्डे कंपनीच्या ऐतिहासिक संग्रहात जपली गेली आहेत. त्यानंतरच्या, म्हणजे ज्या गाड्यांना आज सर्वाधिक मागणी आहे त्या १९६८ ते १९७१च्या गाड्यांची तशी कार्डे नाहीत. तिथे फेंडर टॅग आणि ब्रॉडकास्ट शीट (क्रायस्लरची बिल्ड शीट) हेच आधार.

फेंडर टॅग चालकाच्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि तो खालच्या ओळीपासून वर वाचायचा असतो. नवखा माणूस वरून वाचायला जातो आणि त्याला काहीच अर्थ लागत नाही. खालच्या ओळींत इंजिन, गिअरपेटी आणि चॅसी नंबर येतात, त्यानंतर रंग आणि उत्पादनाची नियोजित तारीख, आणि वर पर्यायांचे कोड. डी९१ म्हणजे शुअर-ग्रिप (क्रायस्लरचे लिमिटेड स्लिप), डी५६ म्हणजे ३.५५चा रेशो. परंतु आधी ए या अक्षराने सुरू होणारे कोड शोधावेत, कारण अ‍ॅक्सल बहुधा पॅकेजमध्ये येई आणि त्या पॅकेजमध्ये शुअर-ग्रिप अध्याहृत असे. ए३६ हे ३.५५चे परफॉर्मन्स अ‍ॅक्सल पॅकेज, ते पावणेनऊ इंची अ‍ॅक्सलवर. ए३३ म्हणजे ट्रॅक पॅक, त्यात ३.५४चा डेना ६० (डेना कंपनीचा जास्त भक्कम अ‍ॅक्सल). ए३४ म्हणजे सुपर ट्रॅक पॅक, त्यात ४.१०चा डेना. हे दोन्ही चार गिअरच्या गाड्यांसाठी. ऑटोमॅटिकला ४.१०चा डेना हवा असेल तर ए३२. दात्यांच्या हिशेबात डेनाचा ३.५४ म्हणजे ४६ आणि १३, आणि ४.१० म्हणजे ४१ आणि १०. गिअरकट यांना हे आवडेल.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. टॅगवर ए३४ आहे आणि खाली डेना आहे, एवढ्यावर थांबू नका. सुपर ट्रॅक पॅक म्हणजे नुसता अ‍ॅक्सल नव्हता. २६ इंची रेडिएटर, सात पात्यांचा पंखा, दोन पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर, हर्स्टचा गिअर दांडा आणि पुढे पॉवर डिस्क ब्रेक, असा तो संच होता. टॅग बदलणाऱ्याने अ‍ॅक्सल बदलला असेल, पण रेडिएटरच्या चौकटीची रुंदी बदलायला तो बहुतेक वेळा विसरतो. गाडीतल्या या दूरच्या जागा कागदाशी जुळतात का, हे पाहण्यात माझा सर्वाधिक वेळ जातो आणि तो कारणी लागतो.

पावणेनऊ इंची अ‍ॅक्सलची एक सोयही सांगतो. त्याचा मधला गड्डा (क्राउन आणि पिनियन बसवलेला ओतीव भाग) पुढून काढता येतो, त्यामुळे तो बदलणे सोपे आणि खोटेपणा करणेही सोपे. गड्ड्यावर ७४१, ७४२ किंवा ४८९ यांवर संपणारा ओतीव क्रमांक असतो. यातला ४८९ हा १९६९पासूनचा. १९६६च्या गाडीत ४८९ दिसला आणि ‘मूळचा अ‍ॅक्सल’ असे सांगितले गेले, तर बोलणे तिथेच थांबवावे. डेना ६०चा गड्डा असा पुढून निघत नाही. त्याचे झाकण मागून उघडते, आणि अख्खा अ‍ॅक्सल बदलल्याशिवाय त्या ठिकाणी तो येऊ शकत नाही. १९६६पासून चार गिअरच्या, हेमी इंजिनाच्या गाड्यांना तो दिला जाई, कारण तेवढा जोर पावणेनऊ इंचीला पेलेल याची कारखान्याला खात्री नव्हती.

शिकाऊ:

सर्व प्रतिसाद जपून ठेवण्यासारखे आहेत. पॉन्टियॅकबद्दल कोणी सांगेल का? पॉन्टियॅकची जीटीओ म्हटली की सेफ-टी-ट्रॅक (त्यांचे लिमिटेड स्लिप) असतेच, असे मी धरून चाललो होतो.

नॉरवुड६९:

तसे धरू नका. सेफ-टी-ट्रॅक हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा पर्याय होता, आणि साधा डिफरन्शियल असलेल्या जीटीओ भरपूर आहेत. पॉन्टियॅकवाल्यांचे सुदैव असे की जनरल मोटर्सच्या या विभागाची बिलिंगची कागदपत्रे वाचली. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे चॅसी नंबर दिला की १९६१पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या बिलाची प्रत मिळते. १९६४ आणि १९६५ची जीटीओ चॅसी नंबरावरून ओळखताच येत नाही, कारण ती तेव्हा टेंपेस्ट लमान्सवर घेतलेला पर्याय होती. त्या गाड्यांसाठी हा कागद म्हणजे जन्मदाखलाच. बिल वाचताना एवढे लक्षात ठेवा की ते पैशांचा हिशेब मांडते. ज्याला वेगळे पैसे पडले तो पर्याय त्यात ठळक दिसेल. गाडीबरोबर मुळातच येणारा रेशो स्वतंत्र ओळीत असेलच असे नाही, आणि तो तिथे नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

रूटवन:

अहवाल आला. त्यात गाडी मेटचनला बनल्याचे, ४२८ कोब्रा जेट रॅम एअर असल्याचे आणि चार गिअरची पेटी असल्याचे लिहिले आहे, आणि अ‍ॅक्सलच्या जागी ३.५० ट्रॅक्शन-लॉक, म्हणजे एस कोड. दारावरच्या पट्टीवर व्ही आहे. ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेऊन खडूच्या खुणांनी शाफ्टचे फेरे मोजले, तर ते चारला किंचित कमी भरले. म्हणजे आत खरोखरच ३.९१ आहे. हाउसिंगवर टिकली नव्हती. पुढे ऑइल कूलर आहे, पण त्याच्या ब्रॅकेटची भोके रंगाच्या वरून पाडलेली दिसतात आणि कडेला उघडा पत्रा चमकतो. मी सर्व फोटो काढून घेतले आहेत.

विक्रेत्याला हे दाखवल्यावर तो गप्प झाला. त्याने स्वतः हे केले नसावे असे मला वाटते, कारण पट्टीचा रंग आणि अ‍ॅक्सलवरचा रंग दोन्ही जुने आहेत आणि गाडी त्याच्याकडे अलीकडेच आली. आता प्रश्न असा की ही गाडी घ्यावी का, आणि घेतली तर काय म्हणून घ्यावी?

डिअरबॉर्नकर:

ताई, तुम्ही ज्या क्रमाने गेलात तो क्रम योग्य होता, आणि उत्तरही स्वच्छ मिळाले आहे. ही आर कोडची, चार गिअरची, ३.५० ट्रॅक्शन-लॉकची अस्सल कोब्रा जेट आहे. ती सुपर कोब्रा जेट कधीच नव्हती. इंजिन उघडून आत टोपी-स्क्रूचे रॉड सापडले, किंवा पुढच्या डँपरमागे कुऱ्हाडीच्या पात्यासारखे ते वजन दिसले, तरीही या निष्कर्षात फरक पडणार नाही, कारण ते भाग विकत मिळतात आणि नोंद विकत बदलता येत नाही.

माझे प्रामाणिक मत असे की चार गिअरची आर कोड मॅक १ ही कोणाचीही मेहेरबानी न मागणारी गाडी आहे आणि ३.५०चा अ‍ॅक्सल रोजच्या रस्त्यावर ३.९१पेक्षा कितीतरी सुखाचा असतो. हायवेवर ताशी ६५ मैलांना इंजिन ओरडत नाही. तेव्हा किंमत साध्या कोब्रा जेटची ठरत असेल तर जरूर घ्या. व्यवहाराच्या कागदावर अहवालाचा क्रमांक आणि ‘नोंदीप्रमाणे ३.५०, सध्या ३.९१’ हे शब्द विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. दारावर एस कोडची पट्टी लावायची की जुनी काढून अहवालाबरोबर पाकिटात ठेवायची, ते तुम्ही ठरवा. ती व्ही कोडची पट्टी पुन्हा कोणाच्या दारावर जाऊ देऊ नका, एवढी माझी विनंती आहे. नऊ इंची अ‍ॅक्सलचा गड्डा पुढून निघतो, त्यामुळे पुढे कधी ३५ आणि १० दात्यांची मूळ प्रकारची जोडी बसवायची ठरवलीत तर काम अवघड नाही. ४२८ला ३१ खाचांचे अ‍ॅक्सल शाफ्ट असतात, आणि गड्ड्यावर एन अक्षर ओतलेले असेल तर तो नोड्युलर लोखंडाचा भक्कम गड्डा आहे, तो हातचा जाऊ देऊ नका.

नॉरवुड६९:

रूटवन ताई, तुमच्या दिरांसाठी एक गोष्ट वर लिहायची राहिली. ते कॅनडात शोधत असतील तर शेव्हेलबद्दल मी मांडलेली सगळी अडचण त्यांना लागू होत नाही. जनरल मोटर्स ऑफ कॅनडाने आपल्या नोंदी जपल्या आहेत. गाडी अमेरिकेत बनलेली असली तरी ती नवी असताना कॅनडातल्या डीलरला पाठवली गेली असेल, तर चॅसी नंबरावरून त्यांच्याकडून पर्यायांच्या कोडसह कागद मिळतो. पॉझिट्रॅक्शन असेल तर तिथे जी८० दिसेल. म्हणून त्यांनी रंग, इंजिन वगैरे पाहण्याआधी प्रत्येक विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की ही गाडी नवी असताना कोणत्या देशात विकली गेली. अमेरिकेतून नंतर आणलेल्या गाडीला ही सोय मिळणार नाही, मग तिच्यावर आज ओंटारिओची नंबरप्लेट का असेना.